जिल्हा, महापालिका आणि मौजे कोळेकल्याण : मुंबई उपनगर जिल्ह्याच्या घडणीचा एक अभ्यास

प्रस्तावना

सांताक्रूझ पूर्वेकडील वाकोला परिसरातील एखाद्या भूखंडाची मिळकत पत्रिका पाहिली असता तिच्यावर गावाचे नाव बहुधा 'वाकोला' असे आढळत नाही. तेथे नोंद असते ती मौजे कोळेकल्याण, तालुका अंधेरी, जिल्हा मुंबई उपनगर अशी. त्याच भूखंडावरील इमारतीचा मालमत्ता कर मात्र बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या एच-पूर्व विभागाच्या खाती जमा होतो. त्या इमारतीतील रहिवासी विधानसभेसाठी कलिना मतदारसंघात मतदान करतो आणि तक्रार नोंदवावयाची झाल्यास वाकोला पोलीस ठाण्यात जातो. 'वाकोला' हे नाव लोकांच्या बोलण्यात, पोलीस ठाण्याच्या फलकावर आणि ओढ्याच्या नावात टिकून आहे. महसुली दप्तरात ते जवळजवळ नाही.

एकाच वस्तीचे हे अनेक नकाशे परस्परांशी जुळत नाहीत, ही बाब वरवर पाहता किरकोळ वाटते. परंतु तिच्या मुळाशी मुंबई उपनगर जिल्ह्याच्या घडणीचा सारा इतिहास आहे. 'जिल्हा' या शब्दाने आपल्याकडे जी संस्था सूचित होते ती मूलतः जमिनीची व महसुलाची व्यवस्था आहे. ज्यांच्या राजवटीत ती येथे रुजली त्या इंग्रजांच्या स्वतःच्या देशात मात्र त्याच शब्दाचा अर्थ निराळा झाला. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यान्वये १ एप्रिल १९७४ पासून लंडनबाहेरील इंग्लंडमध्ये 'डिस्ट्रिक्ट' म्हणजे लोकनियुक्त परिषद असलेला प्रदेश ठरला. स्थानिक नियोजन, घरबांधणी, कचरा उचलणे ही कामे त्या परिषदेची. तेथे जिल्ह्याला मतदार असतात. येथे जिल्ह्याला जिल्हाधिकारी असतो. ग्रामीण महाराष्ट्रात जिल्हा परिषदेने ही उणीव १९६२ पासून बऱ्याच अंशी भरून काढली. मुंबई शहर व मुंबई उपनगर हे दोनच जिल्हे असे आहेत की जेथे जिल्हा परिषद नाही. ९३ लाखांहून अधिक वस्तीच्या जिल्ह्याचे, जिल्हा म्हणून, एकही निवडून आलेले सभागृह नसावे, हे कसे घडले याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

साष्टी : बेट, खाजणे आणि वाटा

आजच्या उपनगर जिल्ह्याचा बहुतेक प्रदेश म्हणजे जुन्या साष्टी बेटाचा दक्षिण भाग. 'षट्षष्टी', म्हणजे सहासष्ट गावांचा समूह, यावरून हे नाव आले अशी परंपरागत व्युत्पत्ती सांगितली जाते. बेटाच्या मध्यभागी कान्हेरीच्या डोंगरांची रांग, तिच्या कुशीत विहार, तुळशी व पवई हे तलाव, आणि डोंगरातून निघून पश्चिमेकडील खाड्यांना मिळणाऱ्या दहिसर, पोईसर, ओशिवरा व मिठी या नद्या अशी या प्रदेशाची ठेवण आहे. पूर्वेला ठाण्याची खाडी आणि तिच्या काठची मिठागरे. पश्चिमेला वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई ही कोळ्यांची गावे. मिठी नदी विहार व पवईच्या ओसंडणाऱ्या पाण्यावर वाढत कुर्ल्याजवळून वळण घेते आणि माहीमच्या खाडीत उतरते. वाकोल्याचा नाला याच नदीला मिळतो. नाला व नदी यांच्या संगमाभोवती पूर्वी खाजण होते. भरतीचे पाणी पसरावयाची ती जागा होती, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

१५३४ च्या वसई तहाने साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १७३७ मध्ये ती मराठ्यांनी घेतली, १७७४ च्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीने ठाण्याचा किल्ला जिंकून तिच्यावर ताबा मिळविला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो पक्का झाला. पोर्तुगीज अमदानीच्या दोन शतकांत येथील कुणबी, कोळी, भंडारी समाजांतील अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मराठी बोलणारा, शेती करणारा हा समाज १८८७ पासून स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवू लागला. वांद्रे, कलिना, वाकोला, मरोळ येथील गावठाणे ही त्याचीच वस्तिस्थाने होत.

कंपनीच्या दृष्टीने साष्टी हे मुंबईचे धान्याचे कोठार व्हावे अशी अपेक्षा होती. त्यासाठी मोठाली क्षेत्रे मुंबईच्या धनिकांना देण्यात आली. पवई फ्रामजी कावसजींकडे गेली आणि १८३० मध्ये बैरामजी जीजीभॉय यांना सात गावे मिळाली. शेती सुधारण्याचा हेतू फारसा साधला नाही. पण पुढील शतकात या जमिनींवर इमारती उभ्या राहू लागल्या तेव्हा गावकऱ्यापेक्षा खोताच्या वारसाचा शब्द अधिक चालला, हा त्या दानाचा खरा परिणाम म्हणता येईल.

बेट आणि शहर यांना जोडणाऱ्या वाटा हळूहळू झाल्या. शीवचा बंधारा १८०३ चा, तर माहीम-वांद्रे बंधारा १८४५ चा. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही लोहमार्गाची पहिली शाखा साष्टीत शिरली, १८६४ मध्ये पश्चिमेकडील मार्ग मुंबईत पोहोचला आणि १८६७ पासून विरारहून मुंबईकडे लोकल गाडी धावू लागली. वाटा झाल्या तरी वस्ती लगेच आली नाही. १८९६ च्या प्लेगने मात्र शहरातील मध्यमवर्गाला मोकळ्या हवेची गरज पटवून दिली. सहकारी गृहनिर्माणाची कल्पना तेव्हा नवी होती. वांद्रे येथे साष्टीच्या कॅथलिकांची गृहनिर्माण संस्था १९१८ मध्ये स्थापन झाली.

१९२० चा जिल्हा

१९२० पर्यंत साष्टी हा ठाणे जिल्ह्याचा एक तालुका होता. त्या वर्षी त्याचे उत्तर साष्टी व दक्षिण साष्टी असे दोन भाग करण्यात आले आणि दक्षिण साष्टीतील ८४ गावे ठाण्यापासून तोडून 'मुंबई उपनगर' हा नवा जिल्हा निर्माण झाला. याच वर्षी गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत मुंबई सरकारचे विकास खाते अस्तित्वात आले. वरळी, नायगाव येथील बी.डी.डी. चाळींमुळे हे खाते आजही लोकांच्या स्मरणात आहे. शहराबाहेरील जमिनी संपादन करणे, रस्त्यांची आखणी करणे आणि भूखंड पाडून विकणे हाही त्याच्या कामाचा भाग होता. दोन्ही घटना एकाच वर्षी घडाव्यात हा योगायोग मानणे कठीण आहे. ठाण्याचा कलेक्टर हा भातशेतीच्या जिल्ह्याचा अधिकारी होता. आता शेतजमिनीचे घरजमिनीत रूपांतर करू शकणारा स्वतंत्र अधिकारी हवा होता.

स्वशासनाची परंपरा या प्रदेशात नव्हती असे नव्हे. वांद्र्याची नगरपालिका १८७६ ची. पुढे कुर्ला, घाटकोपर-किरोळ, पार्ले-अंधेरी अशा नगरपालिका उभ्या राहिल्या. रस्त्यावरचे दिवे, गटारे, दवाखाने व प्राथमिक शिक्षण यांपुरता त्यांचा आवाका होता आणि उत्पन्न तुटपुंजे होते. तथापि स्थानिक माणूस स्थानिक प्रश्नावर जेथे निवडून जाऊ शकत होता अशी ती सभागृहे होती. जिल्हा आणि नगरपालिका ही दोन चाके तेव्हापासूनच वेगवेगळ्या धुरांवर फिरत होती.

हद्दीचा विस्तार

दुसऱ्या महायुद्धानंतर बृहन्मुंबईची कल्पना कायद्यात उतरली. १९४५ मध्ये तिच्या सीमांविषयीचा कायदा झाला. एप्रिल १९५० मध्ये महापालिकेची हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेस भांडुपपर्यंत गेली. १ फेब्रुवारी १९५७ रोजी ती दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली. वांद्रे, कुर्ला, घाटकोपर यांच्या नगरपालिका यात विसर्जित झाल्या आणि उपनगराला १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू झाला. हा कायदा एका दाट, जुन्या बंदरनगरीसाठी रचलेला होता. त्यात कार्यकारी अधिकार सरकारनियुक्त आयुक्ताकडे आहेत, तर सभागृहाचे काम धोरण ठरविण्याचे व खर्च मंजूर करण्याचे आहे. वांद्र्याच्या नगरसेवकाला पूर्वी आपल्या गावाच्या मुख्याधिकाऱ्याला प्रश्न विचारता येत असे. आता त्याला बोरीबंदरासमोरील सभागृहात जाऊन शंभरांहून अधिक सदस्यांत आपला आवाज शोधावा लागला. पाणी, बससेवा, मलनिःसारण यांचा लाभ उपनगराला निश्चितच झाला; एवढ्या मोठ्या कामाचा भार लहान नगरपालिकांना पेलला नसता, हेही मान्य केले पाहिजे.

लंडनशी याची तुलना उद्बोधक ठरते. १९६३ च्या कायद्याने १९६५ पासून बृहद् लंडनची रचना झाली तेव्हा जुनी बरो मंडळे एकत्र करून बत्तीस बरो निर्माण करण्यात आले आणि प्रत्येकाला स्वतःची निवडलेली परिषद व स्वतःचा कर ठेवण्यात आला. मुंबईत विभाग झाले ते मुळाक्षरांचे. २०११ च्या जनगणनेच्या वेळी महापालिकेचे २४ प्रशासकीय विभाग होते, पैकी १५ उपनगरात. वांद्रे ते सांताक्रूझ या पट्ट्याला 'एच' हे अक्षर मिळाले आणि लोहमार्गाने त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन तुकडे केले. २०११ मध्ये एच-पश्चिमची लोकसंख्या ३,०७,५८१ तर एच-पूर्वची ५,५७,२३९ होती. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर प्रभाग समित्या आल्या, त्यात या दोन्ही विभागांसाठी मिळून एकच समिती ठेवण्यात आली. पाली हिलच्या पदपथाचा आणि वाकोल्याच्या नाल्याचा विषय एकाच कार्यक्रमपत्रिकेवर यावा अशी ही योजना. शिवाय मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात हीसुद्धा समिती नव्हती.

लोकसंख्येचे पारडे

शासनव्यवस्थेचा हा आराखडा जेव्हा ठरला तेव्हा उपनगर हे खरोखरच उप-नगर होते. बृहन्मुंबईच्या पुढे निश्चित झालेल्या हद्दीत १९५१ मध्ये २९,९४,४४४ लोक होते आणि त्यांपैकी २३,२९,०२० बेटावरील शहरात राहत होते. म्हणजे उपनगराचा वाटा एक चतुर्थांशाहूनही कमी. १९६१ मध्ये उपनगराची संख्या १३,८०,१२३ झाली. १९७१ मध्ये ती २९,००,१९७ झाली, तेव्हा शहरात ३०,७०,३७८ लोक होते. तराजू जवळजवळ समतोल झाला. १९८१ च्या गणनेत उपनगराने प्रथमच शहराला मागे टाकले : ४९,५८,३६५ विरुद्ध ३२,८५,०४०. त्यानंतर अंतर वाढतच गेले. २००१ मध्ये उपनगर जिल्ह्यात ८६,४०,४१९ आणि २०११ मध्ये ९३,५६,९६२ लोक नोंदले गेले. २०११ मध्ये शहर जिल्ह्याची संख्या घटून ३०,८५,४११ वर आली. साठ वर्षांत उपनगराचा वाटा सुमारे २२ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेला.

या आकड्यांमागे तीन वेगवेगळे प्रवाह आहेत. गिरगाव, दादर, परळ येथून पार्ले, बोरिवली, मुलुंडकडे सरकलेला मराठी व गुजराती मध्यमवर्ग हा पहिला. औद्योगिक वसाहती, बांधकाम व विमानतळ यांच्या आधाराने कोकण, घाट, मराठवाडा, उत्तर प्रदेश व दक्षिणेकडून आलेला श्रमिक हा दुसरा. त्याला घर मिळाले ते सरकारी, संरक्षण खात्याच्या वा विमानतळाच्या मोकळ्या जमिनीवर, नाल्याच्या काठी किंवा तानसाच्या जलवाहिनीच्या कडेला. वाकोल्यात 'पाइपलाइन' हे वस्तीचेच नाव होऊन बसले. २००१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची सुमारे ५४ टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत नोंदली गेली. तिसरा प्रवाह उशिरा आला : पुनर्वसनाच्या व पुनर्विकासाच्या योजनांतून एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात हललेला माणूस.

घनतेच्या आकड्याविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. जनगणनेने जिल्ह्याचे क्षेत्र ४४६ चौ. कि.मी. धरले आहे आणि त्यावरून २०११ ची घनता दर चौ. कि.मी.ला सुमारे २०,९८० येते. या क्षेत्रात राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, तलाव, मिठागरे, कांदळवने व विमानतळ सामावलेले आहेत. हे क्षेत्र वजा केल्यास माणसांच्या वाट्याला येणारी जमीन कितीतरी कमी भरते. सरासरीचा आकडा येथे दाटी दाखविण्याऐवजी झाकतो. स्त्री-पुरुष प्रमाणही बोलके आहे : २०११ मध्ये उपनगरात दर हजार पुरुषांमागे ८६० आणि शहरात ८३२ स्त्रिया होत्या. कुटुंब घेऊन राहावयाचे ते उपनगरात, हा जुना कल त्यातून अजूनही दिसतो.

राजकीय प्रतिनिधित्वाने ही वाढ फार उशिरा ओळखली. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेपूर्वी मुंबईच्या ३४ विधानसभा जागांपैकी १७ शहरात व १७ उपनगरात होत्या. पुनर्रचनेनंतर ३६ पैकी १० शहरात आणि २६ उपनगरात आल्या. १९८१ च्या जनगणनेने जे सांगितले ते विधानसभेत उमटावयास सुमारे पंचवीस वर्षे लागली. कलिना हा मतदारसंघ याच पुनर्रचनेतून निर्माण झाला.

१९९० चे विभाजन

१९६१ पासूनच्या तीन जनगणनांत बृहन्मुंबई हा एकच जिल्हा मानला गेला होता. महसुली कागदपत्रांत 'मुंबई उपनगर जिल्हा' हे नाव त्या काळातही चालू राहिले, ही गोष्ट लक्षणीय आहे. याचे कारण जमिनीच्या कायद्यात सापडते. बेटावरील शहराची जमीन एका स्वतंत्र परंपरेत वाढली. तेथे १८७६ चा मुंबई शहर भूमी महसूल कायदा होता आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही शहरासाठी वेगळे प्रकरण ठेवावे लागले. उपनगर मात्र साष्टीचा तालुका होता. तेथे सातबारा होता, तलाठी होता आणि शेतजमीन अकृषिक कामासाठी वापरल्यास अकृषिक आकारणी होती. ऑक्टोबर १९९० मध्ये कुर्ला, अंधेरी व बोरिवली हे तीन तालुके मिळून मुंबई उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा झाला आणि वांद्रे पूर्व येथे त्याचे मुख्यालय आले. ही घटना नवनिर्मितीपेक्षा १९२० च्या रेषेचे पुनरुज्जीवन होती असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

या दुहेरी व्यवस्थेचा अर्थ सामान्य रहिवाशाला कराच्या रूपाने कळला. दादरमधील गृहनिर्माण संस्थेला महापालिकेचा मालमत्ता कर भरला की पुरे होत असे. सांताक्रूझमधील संस्थेला तोच कर भरून शिवाय तहसीलदाराकडून अकृषिक आकारणीच्या नोटिसा येत. पन्नास वर्षांपूर्वी जेथे शेवटचे भात कापले गेले त्या जमिनीवर 'शेतीऐवजी अन्य वापर' केल्याबद्दलची ती आकारणी. यावरून उपनगरात वेळोवेळी असंतोष प्रकट झाला, आणि तो अनाठायी होता असे म्हणवत नाही.

तथापि जिल्हाधिकाऱ्याचे महत्त्व या करात नाही, ते सरकारी जमिनीच्या मालकीत आहे. वाकोला-कलिना परिसरात या मालकीचे जाळे विशेष गुंतागुंतीचे आहे. येथे संरक्षण खात्याची छावणी आहे, मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी आहे, पलीकडे विमानतळ आहे आणि मधल्या फटींत राज्य सरकारच्या जमिनीवरील वस्त्या आहेत. वस्तीत शौचालय बांधावयाचे ते महापालिकेने, पण जमीन जिल्हाधिकाऱ्याची किंवा केंद्राची, म्हणून परवानगी तिकडून. आणि इमारत उभी करावयाची तर १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण ही तिसरी सत्ता. नगरसेवक या तिन्ही दारांत जाऊ शकतो, पण निर्णय त्याच्या सभागृहात होत नाही. जिल्हा नियोजन समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली काम करते. जमिनीचा प्रश्न तिच्याही कक्षेबाहेर राहतो.

मौजे कोळेकल्याणची दुसरी बाजू मिठीच्या काठावर आहे. तेथील खाजणात भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभारण्यात आले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला १९७७ मध्ये या सुमारे ३७० हेक्टर क्षेत्रासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. महसुली नकाशात संकुलाचा काही भाग याच मौजात येतो. अशा रीतीने देशातील अत्यंत महागड्या जमिनींपैकी काही आणि वाकोल्याच्या नाल्याकाठच्या झोपड्या एकाच गावाच्या नावाने नोंदल्या गेल्या, पण त्यांचे नियोजन निरनिराळ्या कार्यालयांत झाले. ज्या महापालिकेला पाणी आणि कचरा पाहावयाचा, तिच्या सभागृहाला संकुलाच्या आराखड्यात निर्णायक स्थान नव्हते.

नाला आणि नदी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. कुलाब्याची नोंद १०० मि.मी.पेक्षाही कमी होती. एकाच महापालिकेच्या हद्दीत, पण दोन जिल्ह्यांत, त्या दिवशी दोन वेगळे अनुभव आले. विहार व पवई ओसंडले, मिठी पात्राबाहेर आली, समुद्राला भरती होती, आणि जेथे पूर्वी खाजणात पाणी पसरत असे तेथे भराव होता. नदी फुगल्यावर वाकोल्याच्या नाल्याला आपले पाणी टाकावयास जागा उरली नाही. ते उलटे वस्तीत शिरले. कलिना, कुर्ला, वाकोला येथील तळमजल्यांवरील घरे छपरापर्यंत बुडाली.

पूर ओसरल्यावर प्रश्न आला तो अधिकाराचा. नदीचे पात्र कोणाचे? डोंगराकडील भाग महापालिकेचा, संकुलालगतचा भाग विकास प्राधिकरणाचा, विमानतळाखालून वाहणारा भाग तिसऱ्याच्या भिंतीआड, काठची जमीन जिल्हाधिकाऱ्याची, आणि भरतीरेषेचा प्रश्न केंद्राच्या किनारा नियमनाचा. ऑगस्ट २००५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. सुमारे १८ कि.मी. लांबीच्या नदीचा वरचा सुमारे १२ कि.मी.चा भाग महापालिकेने आणि मुखाकडील ६ कि.मी.चा भाग विकास प्राधिकरणाने रुंद व खोल करावा अशी वाटणी करण्यात आली. वाकोल्याच्या नाल्याचे रुंदीकरणही हाती घेण्यात आले. त्यासाठी काठावरील झोपड्या हलवाव्या लागणार होत्या, आणि त्यातील कोण पात्र व कोण अपात्र याच्या याद्या पुन्हा महसुली यंत्रणेकडे, पुनर्वसन प्राधिकरणाकडे आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे फिरू लागल्या.